नऊ घरांची खुर्ची

मी एक जुनी खुर्ची आहे, मित्रांनो, पण खुर्ची होण्याआधी मी चार हजार वर्षं नुसती झोपलेली होते. हसा खुशाल. खोटं बोलायचं माझं वय आता राहिलेलं नाही.

आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, मेयो परगण्यात, गॉर्टमोना नावाचं नऊ घरांचं गाव आहे. गावामागे मैलच्या मैल काळी दलदल. त्या दलदलीच्या पोटात मी ओकचं झाड होऊन आडवी पडले होते. कधी पडले, कोणत्या वाऱ्यानं पाडलं, काही आठवत नाही. आठवतो तो फक्त गारवा, आणि वरून फार लांबून येणारी पाणपक्ष्यांची हाक. अजूनही दुपारी घर शांत झालं की माझा डोळा लागतो आणि मी पुन्हा तिथं खाली जाऊन पोचते.

मला जागं केलं सबीना गॉहननं. तेव्हा ती तिशीतली होती. नवऱ्याबरोबर दलदलीत टर्फ कापायला आली होती. टर्फ म्हणजे दलदलीतली जळाऊ माती. तिच्या विटा कापायच्या, वाळवायच्या आणि वर्षभर चुलीत घालायच्या. सबीनाचं फावडं माझ्या पाठीवर आपटलं. ठक्!

“अहो, इकडे या!” ती ओरडली. “खाली कुणीतरी निजलंय!”

मला आयुष्यात ऐकू आलेले हे पहिले शब्द. मी कुणीतरी आहे हे मला तेव्हाच कळलं.

त्या काळी गावात एक मोठी पंचाईत होती. वर्षातून दोनदा फादर एखाद्या घरी येऊन प्रार्थना घ्यायचे. पाळी घरोघर फिरायची. ज्याची पाळी त्यानं भिंतींना चुना लावायचा, अंगण झाडायचं आणि प्रार्थना झाली की फादरांना न्याहारी द्यायची. पण फादरांना बसवायचं कशावर? गावात सगळे बुटक्या स्टुलांवर बसत. छपराखाली धूर कोंडलेला असे, त्यामुळे जितकं खाली बसावं तितके डोळे कमी चुरचुरत. गेल्या खेपेला फादर त्या स्टुलावर बसले तेव्हा त्यांचे गुडघे हनुवटीला लागले होते आणि अंडं मांडीवर सांडलं होतं. गावाला ते फार लागलं.

म्हणून नऊ घरांनी मिळून मला करवून घेतलं. सुतार होता माइल्स रुआन. त्याला रोख द्यायला कुणाकडे काही नव्हतं, म्हणून तो नऊ दिवस नऊ घरी जेवला. “हे लाकूड आहे का लोखंड?” असं तो रोज म्हणायचा आणि करवतीचे दात मोजायचा. पण मन लावून काम केलं त्यानं. मला हात दिले, उंच पाठ दिली. बायकांनी गवताचा दोर वळून माझी बैठक विणली. मी काळी कुळकुळीत निघाले. नऊ घरांतली सगळी माणसं मला बघायला जमली. मग सबीना म्हणाली, “अगं बाई, ही तर महाराणीच झाली की!”

तेव्हापासून, मित्रांनो, मी कुणा एकाची नव्हते. फादर यायचे त्या घरी मी जायचे. डॉक्टर आला, मुलगी बघायला मंडळी आली, कुणाच्या घरी मयत झालं, की कुणीतरी मला खांद्यावर टाकायचं. शेवटचा पाहुणा ज्या घरी आला तिथंच मी राहायचे, पुढचं बोलावणं येईपर्यंत. घरची माणसं मात्र माझ्यावर कधी बसत नसत. माझ्यावर चढलेल्या पोराच्या पाठीत धपाटा ठरलेला. सबीना मला दलदलीतून वर काढणारी, तीसुद्धा मला शालीच्या टोकानं पुसायची, आणि स्वतः शेजारी स्टुलावर बसायची. बेचाळीस वर्षं तिनं मला पुसलं. बसली एकदाही नाही.

एक खोट मात्र माझ्यात आहे, ती आत्ताच सांगून टाकते. एकदा माझी उजवी कड सैल झाली. फेस्टी बॅरेट नावाचा एक नवा नवरदेव गावात होता. नव्या बायकोपुढे फुशारकी मारायला त्यानं घोड्याच्या नालेचा खिळा घेतला आणि ठोकला. तिरका गेला. डोकं बाहेरच राहिलं. त्याची बायको डीलिया म्हणाली, “हे काय? खिळा आहे का कोंबडीची चोच?” फेस्टी म्हणाला, “उद्या नीट करतो.” तो उद्या अजून उगवलेला नाही.

वर्षं गेली. सबीनाचा नवरा समुद्रात बुडाला. मुलगा अमेरिकेला गेला. आधी त्याची पत्रं यायची, मग नाताळाला एक यायचं, मग तेही थांबलं. तिची गाय विकली गेली. खोपटापुढे बटाट्याचा एक वाफा, तीन कोंबड्या आणि टर्फ वाहायची एक जुनी टोपली, एवढाच तिचा संसार. शेजारी तिच्या उंबऱ्यावर दुधाचं भांडं ठेवून जात आणि “आज चुकून जास्त निघालं” असं म्हणत. रोज कसं चुकतं, हे तिनं कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर दोघांनाही लाज वाटली असती.

मग एका हिवाळ्यात ती आजारी पडली आणि गावात दबक्या आवाजात एक शब्द फिरू लागला. गरीबखाना. तालुक्याच्या गावात दगडी भिंतीआड एक मोठी इमारत होती. ज्याचं कुणी नाही त्याला तिथं नेत. सबीना लहान असताना पडलेल्या मोठ्या दुष्काळात तिची आई तिथं गेली होती. तिला कुठं पुरलं तेसुद्धा कुणी सांगितलं नाही. मी त्या वेळी सबीनाच्या चुलीपाशी होते, डॉक्टर येऊन गेला होता म्हणून. तापात ती डीलियाचा हात धरून म्हणाली, “मला इथंच मरू दे गं. माझ्या बिछान्यात. तिकडं नका नेऊ.”

“कोण नेतंय तुला?” डीलिया म्हणाली. पण तिच्या स्वतःच्या घरी सहा तोंडं होती.

आणि त्याच वर्षी, म्हणजे १९०८ साली, ती बातमी आली. सत्तरीच्या पुढच्या गरीब माणसांना इंग्रज सरकार दर आठवड्याला पाच शिलिंग पेन्शन देणार! गावानं पोट धरून हसून घेतलं.

“सरकार? आणि देणार?” ऑस्टिन टोलन म्हणाला. हा पंचाहत्तरीचा ब्रह्मचारी, गावातली सगळ्यात तिखट जीभ. “आजवर सगळं इकडून तिकडे गेलं. तिकडून इकडे गाडी येते, हे ऐकलंय का कुणी?”

पण शाळेतल्या बाईंनी दोघांचेही अर्ज भरले, सबीनाचा आणि ऑस्टिनचा. आणि एक दिवस चिठ्ठी आली. मंगळवारी टिस्डल साहेब सबीनाच्या घरी येणार, वय आणि परिस्थिती तपासायला. हे टिस्डल साहेब गावाच्या चांगल्या ओळखीचे. आजवर ते चोरून गाळलेली दारू हुडकत घरोघर फिरायचे. आता तेच साहेब पेन्शन द्यायला येणार म्हटल्यावर लोकांना काय वाटलं असेल, तुम्हीच ठरवा.

आता नीट ऐका, मित्रांनो, कारण घोटाळा इथं झाला.

साहेब तपासायला येणार होते. पण गॉर्टमोनाच्या डोक्यात शिरलं ते एवढंच, की पाहुणा येणार! आणि पाहुणा आला की घराची लाज झाकायची, ही आमची रीत. दुसरा विचार कुणाच्या मनात आलाच नाही. सोमवारी संध्याकाळपासून रीघ लागली. डीलियानं लग्नातली निळ्या काठाची चहाची किटली आणली. कुणी पांढरीशुभ्र चादर आणली, टेबलावर घालायला. कुणी डुकराच्या मांडीचा, नाताळासाठी राखलेला, खारवलेला तुकडा आणला. मी फेस्टीच्या खांद्यावरून आले. आणि चहाला ताजं दूध हवं म्हणून फेस्टीनं स्वतःची गाय आणून सबीनाच्या गोठ्यात बांधली.

“सबीनामावशी, साहेबाला वाटलं पाहिजे, घर कसं असावं तर असं!” डीलिया म्हणाली.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पण तेव्हा आम्ही सगळे खूश होतो. मीसुद्धा. खोटं कशाला सांगू?

साहेब आले. लांबलचक, लाल नाकाचे, तपकिरी लोकरीची विजार घातलेले. माझ्यावर बसले, पाय पसरले आणि सुस्कारा टाकला. “तुमचं वय किती, बाई?”

“मोठ्या वाऱ्याची रात्र ठाऊक आहे ना साहेब? ज्या रात्री सगळी छपरं उडाली? तेव्हा मी चार वर्षांची. बापानं मला ओढ्याच्या काठाखाली ठेवलं आणि वर ही टोपली पालथी घालून तिच्यावर दगड ठेवला. रात्रभर मी टोपलीच्या भोकांतून आकाश पळताना बघत होते.”

साहेबांनी मान डोलावली. त्या रात्रीला एकोणसत्तर वर्षं झाली होती. वयाचं काम झालं.

मग चहा झाला, मांस झालं, आणि साहेब उठायला गेले तेव्हा माझा तो खिळा त्यांच्या विजारीला अडकला. टर्र! चांगली वीतभर फाटली. सबीना उठली. “त्यात काय एवढं? काढून द्या इकडे. अशा विजारीनं माझ्या घरातून कुणी गेलं तर तोंड कसं दाखवू?” साहेब पडद्याआड गेले आणि सबीनाची लाल घोंगडी गुंडाळून बाहेर आले. सबीनाकडे तपकिरी दोरा नव्हता, म्हणून तिनं निळ्या दोऱ्यानं शिवली. टाके इतके बारीक, की मुंगीनं घातल्यासारखे. साहेब घोंगडीत बसून हसत होते. “किती वर्षांत इतकं सुखानं बसलो नव्हतो हो,” म्हणाले. आणि माझ्या हातावर वही टेकवून त्यांनी काहीतरी लिहिलं. मला वाचता येत नाही. येत असतं तर तिथंच मोडून पडले असते.

आठवड्यानं पत्र आलं. मी अजून सबीनाकडेच होते. शाळेतल्या बाईंनी वाचून दाखवलं. ‘अर्जदार बाई सुखवस्तू आहेत. घरी दुभती गाय, चिनी मातीची भांडी, उत्तम खुर्ची. पेन्शन देऊ नये अशी शिफारस. समिती महिनाअखेर निर्णय घेईल.’

मग डीलियानं फेस्टीकडे तोंड वळवलं.

“तुला कुणी सांगितलं होतं गाय आणायला?”

“मला? आणि किटली कुणाची? माझ्या आजीची?”

“किटली दूध देते का रे?”

“मग काळा चहा पाजायचा होता साहेबाला?”

“अरे, भांडताय काय?” ऑस्टिन म्हणाला. “जा आणि सांगा साहेबाला, त्या घरात भिंती सोडल्या तर तिचं काही नाही. संपलं.”

“नाही,” सबीना म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले.

“नाही सांगायचं. पाहुण्याला बसवायला माझ्याकडे खुर्ची नव्हती, दूध नव्हतं, हे सरकारच्या कागदावर लिहून राहणार? जन्मभर मी कुणापुढे हात पसरला नाही. खबरदार कुणी गेलात तर.”

“पण मग मावशी, तिकडं जावं लागेल...” डीलियाला तो शब्द उच्चारवेना.

“ठाऊक आहे मला,” सबीना म्हणाली, आणि शालीचं टोक घेऊन मला पुसायला लागली. मित्रांनो, मी लाकूड आहे, पण त्या दिवशी मला वाटलं, का काढलं हिनं मला वर? पडून राहिले असते खाली, तर हिची पेन्शन तरी झाली असती.

दोन दिवसांनी साहेब ऑस्टिनकडे येणार होते. आता तरी गाव शहाणं व्हावं ना? डीलियानं बजावलं, “ऑस्टिन, खुर्ची न्यायची नाही. किटली नाही. गाय तर मुळीच नाही.”

ऑस्टिनचा पारा चढला. “म्हणजे सबीनाकडे साहेब खुर्चीवर बसला, आणि माझ्याकडे स्टुलावर बसणार? मी काय मेलोय?”

“अरे, पेन्शन जाईल तुझी!”

“गेली तर गेली! साहेबानं माझ्या घरात गुडघे हनुवटीला लावून बसायचं? लोक काय म्हणतील?”

सांगून उपयोग नव्हता. मी ऑस्टिनकडे गेले. किटलीही आली. आणि काळा चहा कसा द्यायचा म्हणून गायही आली. आमची माणसं अशी आहेत.

साहेब आले, बसले. या वेळी चहासुद्धा झाला नाही. त्यांनी नुसती कूस बदलली आणि टर्र! त्याच जागी. निळा दोरा उसवला. साहेब उठले, खाली वाकले आणि माझ्या खिळ्याकडे बघत राहिले. खिळ्याला तपकिरी लोकरीचा एक पुंजका लोंबत होता. जुना. त्या मंगळवारचा. त्यांनी तो बोटांनी काढला आणि आपल्या विजारीला लावून पाहिला.

“ही लोकर माझी आहे,” ते हळूच म्हणाले.

ऑस्टिन छपराकडे बघायला लागला.

“ही खुर्ची कोणाची?”

“आमची.”

“तुमचं लग्न झालंय?”

“देवाची कृपा, नाही.”

“मग ‘आमची’ म्हणजे कोणाची?”

“आमची म्हणजे आमची, साहेब. यात काय न समजण्यासारखं आहे?”

बाहेर गाय हंबरली. साहेब दारात गेले. “ही गायही ओळखीची वाटते.”

“गाई सगळ्या सारख्याच असतात, साहेब.”

“हिचं डावं शिंग मोडलंय. त्या मंगळवारीही मोडलेलं होतं.”

आता सगळ्या गावाचे प्राण कंठाशी आले. सरकारला फसवलं! पेन्शन तर गेलीच, वर तुरुंग. साहेब आत आले, मला उचललं, खांद्यावर टाकलं आणि चालू लागले.

“जप्त केली!” डीलिया कुंपणामागून किंचाळली. “खुर्ची जप्त केली!”

मी हलकी नाही, मित्रांनो. साहेब धापा टाकत होते. पाऊस भुरभुरत होता, दलदलीवर धुकं उतरलं होतं आणि त्या धुक्यातून फाटक्या विजारीचा सरकारी माणूस मला घेऊन चालला होता. मागून सगळं गाव. मला ते सगळं स्वप्नासारखं वाटत होतं. वाटलं, पुन्हा दलदलीत नेऊन टाकणार. खरं सांगते, मला त्याचं वाईट वाटलं नाही.

पण साहेब सबीनाच्या दारी थांबले. आत चुलीत दोनच विटा धुमसत होत्या. टेबलावर चादर नव्हती. सबीना स्टुलावर बसून बटाटे सोलत होती. तिनं वर पाहिलं आणि सगळं समजली. उठून ताठ उभी राहिली.

“बाई,” साहेब म्हणाले, “न सांगता आलो. तुमची तारांबळ नको म्हणून बसायची सोय बरोबर घेऊन आलो.” त्यांनी मला चुलीपाशी ठेवलं. “बसा.”

“मी? ती पाहुण्यांसाठी आहे.”

“मग आज मी यजमान. बसा.”

आणि सबीना बसली. मित्रांनो, बेचाळीस वर्षांनी ती माझ्यावर बसली! काय ते वजन? ओल्या चिमणीएवढं. तिचे दोन्ही हात माझ्या हातांवर आले, आणि जिथं तिचं फावडं लागलं होतं ती जुनी खूण माझ्या पाठीत मला पुन्हा जाणवली. साहेबांनी कोपऱ्यातली टर्फची टोपली पालथी घातली आणि तिच्यावर बसले. त्यांचे गुडघे हनुवटीला लागले.

“बाई, मी काही विचारणार नाही. आणि तुम्हालाही काही सांगायला नको. जे दिसतंय ते लिहितो आणि जातो. फक्त तुमच्या शेजाऱ्यांनी सरकारला फसवलं, हे मला लिहावं लागेल.”

सबीनानं दाराकडे पाहिलं. दाराबाहेर गाव उभं होतं. मग ती बोलली. मोठ्यानं, बाहेरच्यांनाही ऐकू जाईल असं.

“कुणी फसवलं नाही. लिहा. खुर्ची माझी नाही. गाय फेस्टीची. किटली डीलियाची. चादर, मांस, काही माझं नव्हतं. माझ्याकडे पाहुण्याला द्यायला काही नाही, म्हणून त्यांनी आपापल्या घरातलं चांगलं ते उचलून आणलं. हे फसवणं असेल तर मला कैद करा, त्यांना नको. लिहिलंत?”

“लिहिलं.”

“आता हेही लिहा, की माझ्याकडे काही नाही, पण मला शेजार आहे.”

साहेबांनी कागद उलटसुलट करून पाहिला. “त्याला यात रकाना नाही, बाई.”

“मग तुमचा कागद लहान आहे,” सबीना म्हणाली. आणि हात पुढे केला. “आणा ती विजार. दुसऱ्यांदा शिवतेय, आता तरी जपून वापरा.”

बाहेर आधी ऑस्टिन हसला, मग सगळेच. डीलिया मात्र तोंडात शालीचं टोक कोंबून रडत होती.

महिनाअखेर समिती बसली आणि दोघांचीही पेन्शन मंजूर झाली. १९०९ सालचा पहिलाच दिवस, शुक्रवार. सबीना चार मैल चालत पोस्टात गेली आणि आली. येताना नऊ घरांसाठी चहाच्या नऊ पुड्या आणि स्वतःसाठी निळ्या दोऱ्याचं एक रीळ. मग डीलियाच्या दारात उभी राहून म्हणाली, “खुर्ची दे गं जरा.”

“कोण येणार आहे, मावशी?”

“कुणी नाही. मला बसायचंय.”

त्यानंतर दर शुक्रवारी ती मला मागून नेई, पोस्टातून आणलेला चहा करी आणि माझ्यावर बसून पिई. खिळा ठोकायला आलेल्या फेस्टीला तिनं हाकलून दिलं. “माझी पेन्शन त्या खिळ्यानं आणली. हात लावशील तर बघ.” अशी नऊ वर्षं गेली. मग ती वारली. गरीबखान्यात नाही, आपल्या बिछान्यात, चूल पेटलेली असताना. मी उशाशी होते. तिच्या मयताला आलेलं कुणीही माझ्यावर बसलं नाही.

आता पुढचं सांगायला जीभ रेटत नाही, पण आत्मवृत्त म्हटलं की सगळंच सांगावं. देश स्वतंत्र झाला. बेकारीचा भत्ता आला, विधवांची पेन्शन आली, मग मुलांसाठीही पैसे येऊ लागले. चांगलंच झालं. गावातली उपाशी पोरं मी पाहिली होती, ती पुढं दिसली नाहीत. पण प्रत्येक मदतीमागून सायकलवर एक तपासणीस यायचा, कोंबड्या मोजायला. आणि गावाला तो मंगळवार आठवायचा. आता लोक शहाणे झाले होते. रस्त्यावर सायकल दिसली की गाय डोंगरामागे, कोंबड्या पलंगाखाली आणि मी टर्फच्या कोठीत! ज्या तपासणीसासमोर मला एकदा मिरवलं, त्याच्यापासूनच मला लपवायला लागले. एकदा अशीच मला लपवली आणि परत आणायला विसरले. घराघरात तोवर बाजारच्या खुर्च्या आल्या होत्या. कुणाला कुणाकडे काही मागायला जावं लागत नव्हतं.

कोंबड्या माझ्यावर बसल्या. गवताची बैठक उंदरांनी खाल्ली. मी पुन्हा झोपले. तारांवरून वीज आली म्हणे. गाड्यांचे आवाज आले, मग माणसांचे कमी झाले. किती वर्षं गेली कुणास ठाऊक. चार हजार वर्षं झोपलेलीला तेवढ्याचं काय?

गेल्या हिवाळ्यात कोठीचं छप्पर खचलं. एक भाचा साफ करायला आला. “आत्या, हे काळं लाकूड जाळायला झकास आहे!” तो ओरडला आणि मला फरफटत बाहेर काढलं. दारात एक सत्त्याऐंशी वर्षांची म्हातारी उभी होती. अट्रॅक्टा, डीलियाची नात. ती जवळ आली, वाकली, माझ्या उजव्या कडेवरून तिनं बोट फिरवलं आणि ते खिळ्याला लागलं.

“जाळतोस काय मेल्या!” ती ओरडली. “ही सबीनाची खुर्ची आहे! आजीनं सांगितलेली!”

मला धुतलं, दोर बदलला, चुलीपाशी ठेवलं. आता नऊ घरांपैकी आठ बंद आहेत. अट्रॅक्टाला पेन्शन मिळते, सबीनाला स्वप्नातही दिसली नसती एवढी. घर उबदार आहे. मी सोडून सहा खुर्च्या आहेत, आणि त्यांच्यावर वर्तमानपत्रं आणि औषधांची खोकी बसतात. भाचा गेला की दिवस दिवस दार वाजत नाही. अट्रॅक्टा रेडिओशी बोलते. मी ऐकते.

परवा सरकारी नर्स आली. ब्रोना नावाची तरुण मुलगी, हातात घड्याळ, डोळे घड्याळात. “अट्रॅक्टाबाई, दहाच मिनिटं आहेत हं. रक्तदाब बघते आणि पळते.” रिकामी खुर्ची मी एकटीच. ती बसली. रक्तदाब झाला. ती उठली.

टर्र!

मी मुद्दाम केलं का? मित्रांनो, मी लाकूड आहे. मी काय करणार?

“अगं बाई!” अट्रॅक्टा म्हणाली. “थांब, हलू नकोस. शिवून देते.”

“अहो नको, मला पुढच्या घरी...”

“अशी फाटकी जाणार? माझ्या घरातून? काढ ती विजार. घोंगडी घे.”

पोरगी घोंगडी गुंडाळून बसली. अट्रॅक्टानं किटली ठेवली, चष्मा शोधला, दोरा शोधला. निळाच मिळाला. शिवता शिवता तिनं मोठ्या वाऱ्यापासून सगळी गोष्ट सांगितली, साहेब कसे मला खांद्यावर घेऊन धावले ते सांगितलं, आणि सांगताना ती इतकी हसली की टाका चुकला. ब्रोनाही हसली. ब्रोनानं घड्याळाकडे पाहिलं तेव्हा सव्वा तास झाला होता. तिनं फोन करून पुढच्या घरी सांगितलं, उशीर होतोय, अडकलेय.

जाताना दारात ती म्हणाली, “पुढच्या वेळी हातोडी आणते. तो खिळा ठोकून टाकू.”

“खबरदार!” अट्रॅक्टा म्हणाली.

तेव्हा माझं एवढंच मागणं आहे, मित्रांनो. मी म्हातारी झाले आहे. मला ओल लागू देऊ नका, दोर तुटला तर बदला, अधूनमधून पुसत जा. पण त्या खिळ्याला हात लावू नका. आणि कुणा एकट्या म्हाताऱ्या माणसाकडे जाल, तेव्हा असे कपडे घालून जा, की फाटले तरी चालतील.